कोकिळेचं घड्याळ

तळ्याकाठच्या सहा घरांना टेलिफोनची तार एकच, कुणीही फोन उचलून दुसऱ्याचं बोलणं ऐकू शके, म्हणून हिल्मा फोनवर कधी मोकळं बोलत नसे. त्या दुपारी न राहवून तिनं बहिणीला सांगितलं, "माझा टोइवो फौजेतून पळून आलाय. न्हाणीघरात लपवलंय मी त्याला." तेवढ्यात फोनमध्ये कोकिळेचं घड्याळ तीनदा ओरडलं. चोरून ऐकणारी शेजारची आयलीच आहे हे कळून हिल्माचा जीव भांड्यात पडला. ते घड्याळ तिनंच आयलीला लग्नात दिलं होतं. दुसऱ्या दिवशी शेरीफ आला तो थेट न्हाणीघरातच शिरला. मुलाला नेल्यावर हिल्मा शेजारी गेली. "कुणी गं चहाडी केली असेल?" आयली कॉफी ओतत म्हणाली. हिल्मानं नुसतं घड्याळाकडे पाहिलं. आयलीचा हात थांबला. "माझा मुलगा आर्वो कोरियातून शवपेटीत आला, हिल्मा. तुझा चालत का यावा?" हिल्मानं उठून घड्याळाचा लंबक हातानं थांबवला.