शिट्टी

कानात शिट्टी वाजली की बटण दाबायचं, थांबली की सोडायचं. काचेपलीकडे बसलेल्या बाईंनी नियम एकदाच सांगितला, तोही चांगला ओरडून.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवरच्या माणसांचे कान तपासायला त्या आज कारखान्यात आल्या होत्या. जो नापास होईल त्याची बदली पॅकिंगला. सव्वीस वर्षं प्रेस चालवलेल्या उस्तादला ती कल्पनाच सोसवत नव्हती. खोके चिकटवत बसायचं? त्यापेक्षा घरी भाजी निवडलेली बरी. कंपनीने दिलेले इअरप्लग त्याने कधी घातले नाहीत. पत्रा साच्यात तिरका बसला तर ठोक्याचा आवाज बदलतो. कान बुजवले तर ते कळणार कसं, हा त्याचा ठरलेला सवाल.

"आपले कान म्हणजे एक नंबर," असं रांगेत छातीठोकपणे सांगून तो आत आला होता.

तपासणीच्या आवाजबंद खोलीचं जाड दार बंद झालं. हेडफोन कानांवर बसला आणि लगेच शिट्टी आली, बारीक, लांबलचक. उस्तादने बटण दाबलं. शिट्टी थांबेना, म्हणून त्यानेही बटण सोडलं नाही. अंगठा दुखायला लागला. दुखू दे. इतकी सोपी परीक्षा त्याला शाळेतही कधी मिळाली नव्हती.

बाई दार उघडून आत आल्या. त्यांनी हेडफोन काढला.

"बटण का दाबून धरलंय?"

"शिट्टी थांबतच नाहीये ना, मॅडम."

"मी मशीन अजून सुरूच केलेलं नाही."

उस्तादने पटकन अंगठा उचलला. बाईंच्या हातातला फॉर्म अर्धाच भरलेला होता. मग त्याला एकदम हायसं वाटलं.

"अहो, मग ही आपली नेहमीची असेल. प्रेसच्या हॉलमधून बाहेर आलं, जरा शांत झालं, की वाजते ती. सगळ्यांनाच वाजते."

"मला नाही वाजत."

बाईंचा चेहरा पाहून तो घाबरला. प्रेस हातची जायची वेळ आली होती. त्याने उघड्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि हॉलमध्ये मारतो तशी हाक मारली, "काय रे, शांत झालं की शिट्टी वाजते ना सगळ्यांना?"

त्यात काय विचारायचं, अशा थाटात रांगेतल्या सातही जणांनी माना डोलावल्या.