बिनचूक

आग लागली तर काय करायचं, हे ऑफिसा-ऑफिसांत जाऊन शिकवण्यात त्याची हयात गेली होती. झोपेतसुद्धा तो "गडबड करू नका, ढकलू नका" असं बडबडतो, अशी बायको शेजारणींत त्याची टर उडवायची.

त्या दुपारी त्याच्याच स्वयंपाकघरात भडका उडाला आणि घरभर काळा धूर झाला. "चल खाली!" असं बायकोला ओरडून त्याने नाकाला ओला रुमाल लावला. शेजारचे लोक लिफ्टची बटणं दाबत होते, कुणी टीव्ही कवटाळून निघालं होतं. तो मात्र रिकाम्या हातांनी, भिंतीच्या कडेने जिना उतरला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. इतकं बिनचूक त्याला सरावातही कधी जमलं नव्हतं.

मग घरची माणसं कुठे दिसतात म्हणून त्याने मागे वळून पाहिलं, आणि एकदम आठवलं. आतल्या खोलीत आई झोपून होती. तिला तर चालताच येत नव्हतं.

तो उलट पावली धावला. जिन्याच्या तोंडाशीच बायको समोर आली. अनवाणी, खोकत, सासूला पाठुंगळी घेऊन.

"अहो, बघत काय राहिलात? धरा आईंना! पाठ मोडली माझी!"

त्याने आईला उचलून घेतलं. आईने त्याच्या खांद्यावर मान टेकवली आणि सुनेला समजावलं,



"त्याला बोलू नकोस गं. अशा वेळी सामान घेऊन उतरायचं नसतं."