शिडीवाल्याचा उजवा पाय

बादलीतलं पाणी कोमट होतं, तरी पाय बुडवताना शिडीवाल्याच्या अंगावर काटा आला. पेटत्या इमारतीतून माणूस खांद्यावर टाकून उतरताना हा गडी शीळ वाजवतो, असं अग्निशमन केंद्रात सांगत. आज त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. शीळ सोडा, थुंकी गिळणं जमत नव्हतं.

वार्षिक तपासणी चालली होती. ओला पाय तपकिरी कागदावर ठेवायचा, आधी डावा, मग उजवा, आणि कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन द्यायचा. तळव्याला कमान असली तर आतल्या बाजूचा तेवढा कागद कोरडा राहतो. तळवा सपाट असला तर अख्खा पाय उमटतो, इस्त्री टेकवल्यासारखा.

डावा उमटला. चौकटीत बसवून भिंतीवर लावावा इतका सुबक.

उजव्याचं तसं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत तो हळूहळू खाली बसत चालला होता. घोट्याच्या आतल्या अंगाला सूज होती, ठणका होता. बायकोला त्याने सांगितलं, बूट चावतात. तिने नवे आणायला लावले. तेही चावले. आता बायको दुकानदारावर चिडून होती.

हा पाय कागदावर उमटला की शिडी गेली. मग टेलिफोनची खुर्ची. त्या खुर्चीवरच्या माणसाला आग फक्त ऐकू येते. सध्या तिथे जुना शिडीवाला बसायचा, गुडघ्यापायी. घंटा झाली, पोरं गाडीकडे धावली, की तो त्यांच्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत बसे. टोक आधीच असायचं.

"भावजी, आटपा की," रांगेतून मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ, शिडीवरही त्याच्या पाठोपाठ चढणारा. "पाय भिजवताय का आंघोळ करताय?"

शिडीवाल्याने मान वर केली. डॉक्टरबाई कुणाच्या तरी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत पाठमोऱ्या उभ्या होत्या. कंपाउंडर टॉवेल आणायला गेला होता. शिडीवाल्याने डावा पाय परत बादलीत घातला आणि उजव्याच्या जागी अलगद टेकवला.

मेहुण्याने ते पाहिलं. मग त्याने छताकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला. उलटा धरला, सुलटा केला.

"उत्तम पाय आहेत," त्या म्हणाल्या.

"तुमची कृपा, मॅडम."

"दोन्ही डावे आहेत."

त्याने वाकून पाहिलं. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, कवायतीला उभे केल्यासारखे शिस्तीत. रांगेत कुणीतरी खोकलं. तो खोकलाच होता, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

बाई मात्र हसल्या नाहीत.

"उजव्या पायावर उभे राहा. डावा उचला. आता टाच वर घ्या, नुसत्या चवड्यावर या."

त्याने जोर लावला. खांदे वर गेले, भुवया वर गेल्या, गळ्याच्या शिरा वर आल्या. टाच जमिनीवरच राहिली. त्याने पुन्हा जोर लावला. पाय दुखतो हे त्याला ठाऊक होतं. पाय ऐकत नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. कानामागून घाम ओघळला.

बाई खाली बसल्या. घोट्यामागे त्यांनी बोट दाबलं, तसा तो कळवळला.

"जन्मापासून सपाट तळवे असलेली माणसं पळतात, ओझी उचलतात. दुखत नसेल तर मी त्यांना हातही लावत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं वेगळं आहे. इथून एक दोर खाली जातो, तो कमान उचलून धरतो. तुमचा झिजत चाललाय. आत्ता पायाला विश्रांती दिलीत, आधाराचा बूट घातलात, पुढे सांगेन ते व्यायाम केलेत, तर सावरेल. असेच चढत राहिलात तर तुटेल. मग शस्त्रक्रिया, आणि तरी पाय पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही."

"आणि शिडी?"

"आज तर नाहीच. पुढचं काही महिन्यांनी बघू."

शिडीवाल्याने टेबलाची कड धरली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून तो म्हणाला, "मॅडम, दुखतं ते माझं मला. काम कुठे अडलंय? भरल्या धुरात उतरतो, समोरचा हात दिसत नाही, पण पाय खाली टाकला की पायरी सापडतेच. एकदा घसरलो नाही आजवर. विचारा याला. कायम माझ्या खाली असतो." तो मेहुण्याकडे वळला. "सांग की रे!"

मेहुण्याने शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

"तुम्ही पुढे या," बाई त्याला म्हणाल्या. "छाती बघायची आहे. शर्ट काढा."

मेहुणा जागचा हलला नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने एकेक बटण सावकाश सोडलं.

"खरं आहे, मॅडम," तो म्हणाला. "भावजी एकदाही घसरले नाहीत."

आणि त्याने शर्ट काढला. उजव्या खांद्यावर बुटाच्या टाचेएवढा काळानिळा डाग होता. त्याला लागून एक जुना, पिवळा पडत चाललेला.