सुन्न बोटं

आजारपणातून आई उठली, पण तिच्या उजव्या हाताची बोटं सुन्न झाली ती झालीच. धरलेली वस्तू घट्ट बसली आहे की निसटते आहे, हे तिला कळेना. कप कधी हातातून सुटायचा, तर कधी ती इतका आवळायची की त्याचा कानच तुटून यायचा.

मुलाने प्लास्टिकचे कप आणले. तिने ते सरळ माळ्यावर टाकले आणि चिनी मातीच्याच कपातून चहा पिऊ लागली. बोटांवर डोळे रोखून, मनगटावर येणारा भार जोखत.

"आई, पुरे हा हट्ट! घरात एक कप धड राहिला नाही."

"फुटू देत. प्लास्टिक पडलं तर हाताला अक्कल कशी येणार?"

मुलगा वैतागायचा. दिवस गेलेली सून मात्र बाजारातून येताना गुपचूप नवे कप घेऊन यायची. हळूहळू फुटण्याचे आवाज कमी झाले, पण तिकडे मुलाचं लक्षच नव्हतं.

सून बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा आईने दारातच दोन्ही हात पुढे केले. सुनेनेही क्षणभर विचार न करता बाळ तिच्याकडे दिलं. मुलगा घाबरून मध्ये धावला.

"अगं, तिच्याकडे काय देतेस? पडेल ना!"

आईने बाळाच्या मानेखालचा हात नीट केला. नजर बोटांवरून जराही न हलवता ती म्हणाली,


"हो बाजूला. इतके कप मी काय चहासाठी फोडले?"