वार्निश

"आजच्या आज हाकलतो तुला! तेल लावायला सांगितलं, तर माझी इंग्लंडची स्टिक चिकट करून ठेवलीस!" कर्णिकसाहेब अख्ख्या जिमखान्यासमोर कडाडले.

बावीस वर्षं स्नूकरची टेबलं सांभाळणाऱ्या सोपानने पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि साहेबांचं नाव सोन्याने कोरलेल्या त्या स्टिकवर थेंब सोडला. अळवाच्या पानावर डुलावा तसा तो डुलत राहिला. दुसरा थेंब जिमखान्याच्या जुनाट स्टिकवर सोडला; तो मुकाट जिरला.

"ही उघड्या लाकडाची, तेल पिणारी, साहेब. तुमची वार्निश फासलेली. वार्निशवर तेल चिकटच होणार. काल हेच सांगत होतो, तर म्हणालात, 'अक्कल शिकवू नकोस.'"

मेंबर फिदीफिदी हसले. "सोपान, टेबल लाव," सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे नोकरी वाचली. साहेबांच्या तोंडून मात्र माफीचा शब्द फुटला नाही. तोही वार्निशखालीच अडकला असावा.