ऑरिनच्या मापाची बंदूक

डॉक्टरांनी फार तर ख्रिसमसपर्यंत म्हणून सांगितलं, त्याच दुपारी वेल्माने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोकं फोडलं.

आत ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग होते. तिच्या नवऱ्याने, ऑरिनने, दोन वर्षांपूर्वी हौसेने मागवले आणि तसेच ठेवून दिले होते. मेपलच्या लाकडाचा अर्धवट घडवलेला दस्ता, लांब आठ पैलूंची नळी, घोडा, चाप, स्क्रूंची पुडी.

"ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ठासणीच्या बंदुकीने शिकार करायचा हंगाम सुरू होतो," ती म्हणाली. "त्या दिवशी तू ही घेऊन डोंगरावर जायचंस."

ऑरिन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. "तू आयुष्यात कधी स्टुलाचा पाय तरी बसवलायस?"

"नाही. बंदुकीपासूनच सुरुवात करते."

आणि तिने केली. लोखंडी भाग लाकडात बसवायचा तर त्याला रंग लावून खाचेत दाबायचा, डाग पडेल तेवढंच लाकूड खरवडायचं, पुन्हा दाबायचा. लोक दिव्याची काजळी वापरतात. वेल्माने चर्चला जाताना लावायची लाल लिपस्टिक घेतली. एकेक भाग तिने चाळीस-पन्नास वेळा बसवला आणि काढला. अर्धा तास झाला की हात मांडीवर ठेवून थांबायची. "मेपल फार चिवट गं बाई," म्हणायची. डोक्यावरची लोकरीची टोपी ती शेगडीपाशीही काढत नसे.

ऑरिन खुर्चीतून फारसा उठत नव्हता. दाढी वाढली होती, शर्ट अंगावर लोंबत होता. वेल्मा त्याच्यापुढे सूप ठेवायची आणि वाटी संपेपर्यंत हलायची नाही.

एका रविवारी शेजारचा लॉईड शॅफर हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन आला. ऑरिनचा अवतार बघितला आणि टेबलाकडे वळला.

"काय गं वेल्मा, लाकडाला लाली लावतेस?"

"तुझ्या थोबाडापेक्षा याला शोभते."

"संपवशील सगळी."

"संपू दे. आता कुठे मिरवायचंय मला!"

लॉईडने खाचेवरून बोट फिरवलं. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये केस शिरला नसता. "तीस वर्षं बंदुका बनवतोय मी. माझी पहिली कोणाला दाखवायच्या लायकीची नव्हती." जाताना त्याने ऑरिनचा खांदा दाबला. "चर्चमध्ये सगळे प्रार्थना करताहेत, बाबा."

नोव्हेंबरच्या शेवटी वेल्माने ऑरिनला उभं करून कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं. दस्ता त्याच मापाने कापला.

"कशाला हे सगळं? मी नाही जाणार."

"जाशील. हात सरळ धर."

मग नळीला बत्तीचं, म्हणजे आतली दारू पेटवायचं, छिद्र पाडायचा दिवस आला. ते केसभर चुकलं तर नळी वाया जाते. लॉईड म्हणाला, मी पाडतो. वेल्माने नकार दिला. ड्रिल धरलं, पण नळी हलायला लागली. तेव्हा ऑरिन आपणहून उठला आणि त्याने दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली. छिद्र नेमकं जागेवर पडलं.

शेवटी तिने दस्त्याला तेजाब लावून ऊब दिली. लाकडातून काळसर पट्टे वर आले, जणू लाकडाच्या आत कुणी जाळ लावलाय. ऑरिन कितीतरी वेळ बघत राहिला.

"देखणी झाली गं."

"मग दाढी कर. असल्या बंदुकीबरोबर असला माणूस बरा दिसत नाही." ती पुढे म्हणाली, "आणि झाडलीस की त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायची. नाहीतर गंजेल. मी काही आठवण करून द्यायला येणार नाही."

हंगामाच्या पहिल्या सकाळी लॉईड आला तेव्हा ऑरिन पायरीवर उभा होता. दाढी केलेली, बूट चढवलेले. बंदूक त्याच्या खांद्याला अशी बसली की जणू जन्मापासून तिथेच होती. लॉईडने ती हातात घेतली आणि नळीची वरची बाजू पाहिली. बनवणारा तिथे आपलं नाव कोरतो. ती बाजू कोरी होती. लॉईडने बंदूक परत दिली आणि दोघं बर्फातून चढाला लागले.

डॉक्टरांनी ख्रिसमस म्हटलं होतं. वेल्मा चौदा डिसेंबरलाच गेली. नाव कोरायचं राहिलं आहे.