तळहातावरचा सात

मीनलने बॉलपेन घेतलं आणि प्रबोधच्या तळहातावर सातचा आकडा काढला.

"विसरू नका भाऊजी. सिंगापूर म्हणजे सात. सप्तपदीचे सात."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. प्रबोधच्या बायकोला, मधुवंतीला, जाऊन अजून चार महिने झाले नव्हते.

"सोपं आहे," प्रबोध म्हणाला. "लक्षात राहील."

मीनलच्या नवऱ्याने, चारुदत्तने, टेबलावर प्लास्टिकची डबी ठेवली. तिच्यात मलेशियाची वीस सिम कार्डं होती. आशियातल्या चौदा देशांच्या गाण्यांची ही स्पर्धा टीव्हीवर दाखवत, आणि तिचा नियम असा, की आपल्या देशाच्या गाण्याला आपण मत द्यायचं नाही. सिंगापुरात बसून सिंगापूर सोडून कुणालाही द्या. पण वुडलँड्सला बस पकडली की खाडीवरच्या कॉजवेपलीकडे जोहोर, म्हणजे मलेशिया. तिथून रोज कामाला येणारे वीस जण चारुदत्तच्या ऑफिसात होते. त्यांनी एकेक सिम दिलं होतं. एका सिमवरून पाच मतं.

"पुण्यात मी कधी मतदानाला गेलो नाही," चारुदत्त म्हणाला, "आणि इथे शंभर मतं टाकायला माणूस पाठवतोय. खरी टक्कर फिलिपिन्सशी आहे. मागच्या फेरीत मलेशियाच्या मतांत त्यांनी आपल्याला थोडक्यात मागे टाकलं. मीच गेलो असतो प्रबोधराव, पण पासपोर्ट नूतनीकरणाला दिलाय."

"मी जातो म्हटलं ना."

जायला त्याच्याइतका योग्य माणूस नव्हताच. सिंगापूरचं गाणं ऋचा गाणार होती. ती इथेच वाढलेली, आठव्या वर्षापासून मधुवंतीकडे गाणं शिकलेली. आणि गाण्याच्या मधोमध जो आलाप होता, तो खुद्द मधुवंतीचा. मुख्य गायिकेने स्टेजवर गायचं, मागचे आवाज रेकॉर्डवरचे चालत. दोन केमोंच्या मध्ये एका दुपारी मधुवंती स्टुडिओत जाऊन गाऊन आली होती. शेवटाला दम पुरला नाही. आलाप तुटतो तिथे तिने घेतलेला श्वास ऐकू येतो. पुन्हा करू म्हणाले, पण तिला पुन्हा जमलं नाही.

ते गाणं आता सगळीकडे लागायचं. प्रबोधच्या फोनमध्येही ते होतं, पण तो लावत नसे. आपण लावलं की ते आपणच लावलेलं असतं. स्टेशनखालच्या बेकरीतल्या रेडिओवर मात्र ते केव्हाही लागे. पाव घेता घेता ती न सांगता मागे येऊन उभी राहिल्यासारखी वाटे, आणि श्वास घेई. मग प्रबोध रांग सोडून बाजूला होई. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात तो हल्ली उशिरा पोचे, तो त्यामुळे.

निघताना ऋचाचा फोन आला. ती हाँगकाँगला तालमीत होती.

"काका, तुम्ही जाताय म्हणे. सो स्वीट, लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"जेवलीस का?"

"भूक कुठली. काका, ऐका ना, एक न्यूज आहे. जिंकलो तर रेकॉर्ड कंपनी गाणं टोकियोत पुन्हा रेकॉर्ड करणार. पन्नास जणांचा कोरस. काकूंचा आलापपण दुसऱ्या कुणाकडून करून घेणार, पूर्ण, कुठे न तुटता. मग रेडिओवर तेच लागेल. काकूंना तो श्वास किती खटकला होता, ना?"

"खटकला होता."

"नाही जिंकलो तर काय, आहे तेच राहील. आशीर्वाद द्या काका."

"मधूचा आहेच तुला. घसा सांभाळ."

रविवार असल्यामुळे कॉजवेवर गर्दी होती. बस मुंगीच्या पावलाने सरकली. दोन्हीकडे पासपोर्ट दाखवून प्रबोध जोहोरला उतरला तेव्हा साडेचार झाले होते. टीव्ही असलेलं एक खाण्याचं दुकान त्याने गाठलं, कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि चहा मागवला. डबी मांडीवर ठेवली.

दुकानाची मालकीण तमिळ होती, साठीची. चहा ठेवताना तिला त्याच्या हातावरचा आकडा दिसला.

"सात? म्हणजे सिंगापूर. मुलगी आहे का तुमची?"

"बायको," प्रबोध म्हणाला.

तेवढ्यात ऋचा पडद्यावर आली. चोवीस वर्षांची, चंदेरी कपड्यांतली. मालकिणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा प्रबोधच्या टकलाकडे.

"नशीबवान आहात," ती म्हणाली आणि हसत आत गेली.

ऋचा छान गायली. मधे ती दोन पावलं मागे सरकली आणि आलाप सुरू झाला. प्रबोधने डोळे मिटले. आलाप वर चढला, थरथरला, तुटला. मग तो श्वास. आत पळ्या-कढयांचा आवाज चालला होता, तरी तो त्याला स्वच्छ ऐकू आला.

चौदा गाणी संपली. मतदानाला एक तास होता. पडद्यावर देशांचे आकडे आले.

चारुदत्तचा मेसेज आला: "प्रबोधराव, सात! सगळे तुमच्या भरवशावर."

"सुरुवात करतोय," प्रबोधने लिहिलं.

त्याने डबी उघडून पहिलं कार्ड फोनमध्ये घातलं. हात घामेजले होते. सातची शाई पसरली होती, ती त्याने पँटला पुसली. मग पडद्यावरची यादी वरून खाली वाचली, आणि पहिलं मत फिलिपिन्सला पाठवलं.